भरलेला फुगा

सातवीच्या वर्गाला एकदा चित्रकलेच्या तासाला मी ‘धाप’ हा विषय दिला होता. ‘दमा’ हा शब्द मुद्दामच उच्चारला नव्हता, कारण धाप सर्वांनाच लागते आणि त्यामुळे वर्गात कोणी वेगळे पडत नाही. धावून आल्यावर, जिना चढल्यावर छातीत काय होते ते काढा, एवढीच सूचना होती. बहुतेकांनी छातीच्या जागी सुरकुतलेला, हवा गेलेला फुगा काढला. एकाने सायकलची पंक्चर झालेली ट्यूब काढली, एकीने तळ गाठलेली विहीर काढली. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाचा फुगा मात्र टम्म फुगलेला होता, इतका की त्याचा लाल रंग कागदाच्या कडेपर्यंत पोहोचला होता, आणि त्याच्या तोंडाशी काळ्या स्केचपेनने दोऱ्याचे सात-आठ वेढे आवळलेले होते. ‘अरे, दम संपला की फुगा रिकामा होणार ना?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘नाही सर, भरलेलाच असतो. सुटतच नाही.’

त्याचे बरोबर होते आणि माझे चूक होते. दम्यामध्ये श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो, हे पुस्तकात असते. पण श्वास आत घेताना नळ्या किंचित रुंदावतात आणि सोडताना आणखी अरुंद होतात, त्यामुळे आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, प्रत्येक श्वासाला थोडी थोडी हवा आत अडकत जाते, आणि शेवटी छाती आधीच भरलेली असल्यामुळे नव्या श्वासाला जागाच उरत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? तो सूं-सूं आवाजही बहुतेक वेळा श्वास सोडतानाच येतो. या मुलाने कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते. त्याने ते छातीत भोगले होते. दोन वर्षे तो माझ्या तासाला बसत होता आणि त्याला दमा आहे हे मला त्या दिवशी कळले.

शाळेत दम्याविषयी समज निर्माण करण्यासाठी मुलांच्या हाती रंग द्यावेत, या मताचा मी आहे. मात्र मोठ्यांनी ठरवून दिलेला संदेश रंगवून घेण्यासाठी ते रंग देणे हा वेळेचा आणि कार्डपेपरचा अपव्यय आहे, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. चित्राचा खरा उपयोग मुलाला काय वाटते, काय दिसते आणि कशाची भीती वाटते हे मोठ्यांना कळण्यासाठी आहे, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला ते आपल्याआधी कळते हा त्याहून मोठा लाभ आहे.

पोस्टर स्पर्धा मी स्वतः अनेक वर्षे घेतल्या आहेत, म्हणून त्यांच्याविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. आरोग्यविषयक पोस्टरचा एक साचाच ठरून गेला आहे: मधोमध दोन फुप्फुसे, एक गुलाबी व एक काळे, बाजूला फुली मारलेली सिगारेट, वर कमानीत घोषवाक्य आणि खाली शाळेचे नाव. परीक्षक अक्षरलेखन पाहतात, रंगसंगती पाहतात, छायांकनाची सफाई पाहतात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या आमच्यासारख्यांचा डोळाही त्याच अंगाने तयार झालेला असतो. ज्या वर्गात एकही मूल सिगारेट ओढत नाही आणि दोन-तीन मुले रात्री उशाला उशी रचून बसून झोपतात, त्या वर्गात पहिले बक्षीस सिगारेटच्या पोस्टरला मिळते. त्या दोन-तीन मुलांनी यातून काय समजून घ्यायचे? त्यात आणखी एक गंमत अशी, की १९९८ पासून पाळला जाणारा जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो आणि तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते. दिनविशेषांच्या यादीवर शाळेचे उपक्रम बेतणाऱ्या आपल्या पद्धतीत दमा त्यामुळे आपोआपच गळून जातो, आणि ज्या महिन्यांत मुले खरोखर आजारी पडतात, म्हणजे भिंतींना ओल येणाऱ्या पावसात, दिवाळीत आणि पहाटेच्या थंडीत, त्या महिन्यांत त्याचे नावही निघत नाही.

नाव न निघण्याचे कारण केवळ दिनदर्शिका नाही. आपल्या भाषेने श्वासाला आणि हिमतीला एकच शब्द दिला आहे. ज्याच्यात दम आहे तो कर्तबगार, दमदार आवाज तो चांगला, ‘दम असेल तर ये’ हे मैदानावरचे आव्हान, आणि ज्याचा दम निघाला तो हरला. अशा भाषेत वाढणाऱ्या मुलाला ‘मला दम लागतो’ हे सांगताना आजार सांगितल्यासारखे वाटत नाही. आपण कच्चे आहोत अशी कबुली दिल्यासारखे वाटते. घरची माणसेही शब्द टाळतात. ‘त्याला जरा कफाची सवय आहे’, ‘बदलत्या हवेचा त्रास होतो’, फार तर ‘बालदमा आहे, मोठेपणी जाईल’. मुलीच्या बाबतीत तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून आई शिक्षकांनाही काही सांगत नाही. मग दम्यावरचा उपाय म्हणून मृगाच्या सुमारास हैदराबादेला जाऊन जिवंत मासा गिळवणे किंवा कोजागरीच्या रात्री औषधी खीर खाऊ घालणे, हे सगळे उघडपणे होते, कारण त्यात श्रद्धेचा मान आहे. श्वासावाटे औषध देणारा पंप, म्हणजे इनहेलर, मात्र चोरून घेतला जातो.

या लपवाछपवीची किंमत लहान नाही. जगभरातल्या आजारांची मोजदाद करणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण आहेत. जगातल्या एकूण दमेकऱ्यांपैकी हे साधारण १३ टक्के होतात, पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू आपल्या देशात होतात. आजार तोच, औषधेही तीच आणि ती आपल्याकडे बनतात. तरी एवढी तफावत पडते, ती उशिरा होणाऱ्या निदानामुळे आणि श्वासावाटे घ्यायचे प्रतिबंधक औषध नियमित न घेतल्यामुळे. त्यामागे ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत मोठ्या प्रमाणावर आहे, असे मला पालकांशी बोलताना वारंवार जाणवते.

शब्द जिथे अडतात तिथे चित्र पुढे जाते, हे काही केवळ कलाशिक्षकाचे आत्मप्रेम नाही. मुलांमधील दमा आणि अॅलर्जी यांची जगभर पाहणी करणारा ‘आयझॅक’ हा प्रकल्प १९९१ साली सुरू झाला आणि आपल्याकडे मुंबई, पुणे, अकोला येथेही त्याची केंद्रे होती. त्या पाहणीत एक अडचण आली: इंग्रजीत छातीतल्या त्या घरघरीला ‘व्हीझ’ हा जो एक नेमका शब्द आहे, त्याला अनेक भाषांत नेमका प्रतिशब्दच नव्हता. मराठीतही पाहा, कोणी घरघर म्हणतो, कोणी सूं-सूं, कोणी ‘छाती वाजते’ म्हणतो, तर कोणी ‘मांजर बोलते’ म्हणतो. मग १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी चित्रफितीची प्रश्नावली तयार करण्यात आली. पडद्यावर कोणी बसल्या जागी धापा टाकताना दिसतो, कोणी रात्री खोकत उठतो, आणि प्रश्न एवढाच, की तुम्हाला असे कधी झाले आहे का? शास्त्रज्ञांना आजार मोजण्यासाठी शब्दांऐवजी दृश्याचा आधार घ्यावा लागला, तर आजार समजून घेण्यासाठी शाळेने तो घ्यायला कोणती हरकत आहे?

मुलांनी मुलांना शिकवण्याचा या क्षेत्रातला जो प्रयोग मला सर्वांत पटतो, तो ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांमधला आहे. स्मिता शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सहा शाळांत पारखून २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पद्धत अशी: अकरावीतल्या स्वयंसेवक मुलांना दम्याचे प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी दहावीच्या वर्गाला तीन तास शिकवायचे, आणि दहावीच्या मुलांनी जे कळले ते छोट्या नाटुकल्यांतून, गाण्यांतून आपल्याहून लहान वर्गासमोर सादर करायचे. या साखळीत दमा असलेली आणि नसलेली मुले सारखीच सामील होती. ज्या शाळांत हे झाले तिथल्या दमा असलेल्या मुलांच्या जगण्याची गुणवत्ता सुधारली आणि दहावीत दम्यामुळे शाळा बुडण्याचे प्रमाण घटले. ज्या शाळांत हे झाले नाही तिथे शाळेत येणारे झटके वाढले. पुढे जॉर्डनमधल्या शाळांनीही ही पद्धत उचलली. या प्रयोगात कला शेवटच्या पायरीवर आली, हे मला महत्त्वाचे वाटते. आधी समजले, मग सादर केले. आपल्याकडे बहुधा उलटे होते: सादरीकरणाची तारीख ठरते, आणि समजण्याचे राहून जाते.

आमच्याकडे मी जे करून पाहिले ते याहून पुष्कळ साधे होते, पण त्यातला एक तास सांगण्यासारखा आहे. पंपाच्या सवयीची भीती कशी काढावी, या विचारात असताना एका बालरोगतज्ज्ञाने मला दोन आकडे दिले. आवळलेल्या श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध निघते. त्याच औषधाच्या लहान गोळीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम असते. मी मुलांना सांगितले, की एका फवाऱ्यासाठी कागदावर एक ठिपका द्या आणि गोळीसाठी दुसऱ्या कागदावर हिशेबाने ठिपके द्या. एक ठिपका आणि वीस ठिपके. मग गोळीचे वीस ठिपके पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर कसे फिरतात, हात का थरथरतात, छातीत का धडधडते, ते शरीराच्या बाह्यरेषेवर दाखवायचे. आणि पंपाच्या एका ठिपक्यातले औषध श्वासावाटे थेट छातीत कसे पोहोचते ते दाखवायचे. दोन फवारे घेतले तरी ठिपके दोनच. वर्गातल्या प्रत्येकाला हे अर्ध्या तासात उमजले. दोन दिवसांनी एका मुलाची आजी शाळेत आली, तिच्या हातात तो घडी घातलेला ठिपक्यांचा कागद होता आणि तिचा प्रश्न होता, ‘सर, म्हणजे गोळीच जास्त कडक, असं का?’ कुठल्याही घोषवाक्याने तिला शाळेपर्यंत आणले नसते.

घराचा नकाशा हाही असाच उपयोगी विषय आहे. आपल्या घराचा व शाळेचा आराखडा काढा आणि जिथे नाकाला झोंबते किंवा खोकला येतो तिथे खूण करा, असे सांगितले, की मुले उदबत्ती, फोडणी, ओल आलेला कोपरा, जुन्या गोधड्यांची पेटी, फळा पुसण्याचे डस्टर आणि पलंगाखाली जळणारी डासांची कॉइल बिनचूक दाखवतात. एका कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली दिवाळीच्या फटाक्यांची तपासणी केली, तेव्हा आवाज न करणारी, लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिली जाणारी नागगोळी सूक्ष्म कणांच्या बाबतीत सर्वांत वरची ठरली. हे आकडे मी नकाशे काढून झाल्यावर सांगतो, आधी नाही. आधी सांगितले तर सगळ्यांच्या नकाशात एकच कॉइल दिसते.

या सगळ्यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की दम्याचा विषय वर्गात काढला की ज्याला दमा आहे त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळतात, आणि मुले निष्ठुर असतात. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ‘ज्यांना दमा आहे त्यांनी हात वर करा’ असे म्हणणारा शिक्षक एका वाक्यात त्या मुलाचे वर्ष नासवू शकतो. म्हणूनच विषय सर्वांचा हवा, म्हणजे धाप, श्वास, जिना, रात्र असा; चित्रावर नाव पाठीमागे असावे; आणि आपल्याविषयी किती सांगायचे हे त्या मुलाने ठरवावे. परंतु न बोलल्याने ते मूल सुरक्षित राहते, हा समज मला मान्य नाही. आज ते ‘नाटक करतो’ हे ऐकतेच, पी. टी.च्या तासाला ‘तू बस बाजूला’ हेही ऐकते आणि कबड्डीच्या संघात कोणी त्याला घेत नाही. खरे तर आजार नीट आटोक्यात असलेले मूल खेळू शकते, त्याने खेळायलाच हवे. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून अर्धा मिनिट श्वास घ्यायला लावला, की दमा नसलेल्या मुलांना ‘नाटक’ या शब्दाचे वजन कळते. हा खेळ ज्यांना श्वासाचा त्रास आहे त्यांनी करायचा नाही, हे आधी सर्वांना सांगून ठेवावे. मी त्यांना घड्याळ धरायला देतो.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? चित्रकला आणि कार्यानुभव यांचे तास गणिताला दिले जातात, ते कशासाठी दिले जातात ते आपणच ठरवलेले असते. याहून अधिक उत्तर या आक्षेपाला मी देत नाही.

हस्तकलेच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. पंपाचे औषध लहान मुलाच्या घशातच न बसता छातीत उतरावे यासाठी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लागतो आणि अनेक घरांत तो नसतो. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले, की ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे छिद्र पाडून ती घट्ट बसवली, तर झटका आलेल्या मुलांमध्ये ती बाजारातल्या स्पेसरइतकेच काम देते. आमच्या कार्यशाळेत मुलांनी अशा बाटल्या प्रात्यक्षिकासाठी केल्या. छिद्र सैल झाले तर औषध बाजूने निसटते, म्हणून मापाचे वर्तुळ गिरवून कापण्याला तिथे जे महत्त्व आले, ते भूमितीच्या तासाला कधी आले नव्हते. छिद्र पाडण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि प्रत्यक्ष वापर डॉक्टरांना विचारूनच करावा, हे सांगण्याची गरज नसावी.

कलेने औषधाची जागा घ्यावी असे मी म्हणत नाही, आणि चित्रे पाहून शाळेने काहीच बदलले नाही तर मुलांना ती चित्रे काढायला लावणे हा त्यांच्यावरचा अन्यायच आहे. एका मुलीने दप्तराचा उभा छेद काढला होता: वर पुस्तके, मग वह्या, मग डबा, आणि अगदी तळाशी मोज्यात गुंडाळलेला पंप. ते चित्र पाहिल्यावर शाळेने करण्याची पहिली गोष्ट स्पष्ट होती. पंप मुलाच्या हाताशी हवा आणि तो बाहेर काढायला त्याला लाज वाटता कामा नये. एका शाळेत, तिचे नाव सांगत नाही, मुलांचे पंप कार्यालयाच्या कपाटात जमा करण्याचा नियम होता. झटका आला त्या दिवशी किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई टपालाला गेलेला होता. ते मूल वाचले, पण नियमामुळे नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत लहान मुलांनाही पाठ असणारी एक रीत आहे: मुलाला ताठ बसवा, धीर द्या, एकेक करून स्पेसरमधून चार फवारे द्या, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास घेऊ द्या, चार मिनिटे थांबा, आराम नसेल तर पुन्हा द्या आणि मदत बोलवा. चार-चार-चार हे चित्रपट्टीसाठी अगदी घडवल्यासारखे आहे. पाचवीची मुले ती चार चौकटींत बसवतात आणि जिन्याच्या भिंतीवर, आपल्या उंचीवर लावतात. झटका येतो तेव्हा आजूबाजूला डॉक्टर नसतात, बहुधा शिक्षकही नसतात. शेजारी असतो तो बाकावरचा सोबती.

दुसरी गोष्ट सरकारी यंत्रणेची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते आणि त्यांच्या आजारांच्या यादीत श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा आजारही आहे. पण तपासणीच्या दिवशी मूल ठणठणीत असते, छाती वाजत नसते, आणि एका सकाळी शेकडो मुले पाहायची असल्यामुळे ‘काही त्रास?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळून रांग पुढे सरकते. पथक येण्याच्या आठवड्यात धापेची, रात्रीची आणि जिन्याची चित्रे काढून घेऊन त्यांतली बोलकी चित्रे, मूल आणि पालक यांना विचारून, डॉक्टरांसमोर ठेवली, तर कोणाशी दोन मिनिटे अधिक बोलायचे ते त्यांना कळेल. चित्रावरून निदान होत नाही. विचारपूस कुठे करावी एवढे समजते.

आणि ही चित्रे तपासू नयेत. त्यांना श्रेणी नको, क्रमांक नको, प्रमाणपत्र नको. हे मी आमच्या व्यवसायाच्या सवयीविरुद्ध सांगतो आहे, आणि अनुभवाने सांगतो आहे. सातवीच्या त्या मुलाला मी प्रश्न विचारला, त्याआधीच त्याच्या लाल फुग्याखाली माझ्या लाल शाईत शेरा पडला होता: ‘प्रमाण चुकले.’